साडेपाच विरुद्ध पाच

या घरात गेल्या पन्नास वर्षांत एकही मोठा निर्णय भावनेच्या भरात घेतला गेलेला नाही. प्रत्येक निर्णय तोलून घेतला गेला, अक्षरशः तोलून, दुकानामागच्या खोलीतल्या पितळी तराजूवर. आणि जो निकाल लागला तो घरातल्या प्रत्येकाने निमूटपणे मान्य केला. असे निर्णय आजवर अकरा झाले. त्यातला एक कुत्रा पाळावा की नाही, याचा होता. पाळला नाही.

पद्धत आप्पांची. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान वडिलांकडून त्यांच्या हातात आलं, त्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. इतकी लोकशाही पद्धत आपण जगात कुठे पाहिली नाही, असं ते पाहुण्यांना सांगत. जगात ते फारसे कुठे गेले नव्हते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतःचं एक लोखंडी वजन. आप्पांचं पाच किलोचं. दोन्ही मुलांची दोन-दोनची. सुनेचं एक. आणि मुलीचं, म्हणजे आत्याचं, अर्धा किलो, कारण अठराव्या वर्षी सगळ्यांची सुरुवात अर्ध्यापासून होते आणि पुढे वाढायला लग्न लागतं. मुलग्यांना लागत नाही. धाकटा बिनलग्नाचाच दोन किलोपर्यंत पोहोचला होता. आत्या मात्र एकोणपन्नासाव्या वर्षी, शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवूनही, होती तिथेच होती.

मत गुप्त असायचं. दोन्ही पारड्यांवर जाड कापडाच्या खोळी, दांडी खुंटीने अडकवलेली. एकेकाने आत जायचं, दार लोटायचं, आपलं वजन हव्या त्या पारड्यात खोळीखाली सरकवायचं आणि चेहरा कोरा ठेवून बाहेर यायचं. सगळ्यात शेवटी आप्पा. मग सगळे आत जमले की आप्पा खुंटी काढत, एक पारडं खाली बसे आणि विषय संपे. खोळ उचलायची नाही. नंतर वजनं आप्पाच काढत आणि पुसून ज्याची त्याला परत देत. कोणी कुठे टाकलं हे विचारायचं नाही, एवढाच नियम. संशय घ्यायला बंदी नव्हती.

बारावा निर्णय पावशेरचा होता. पावशेर म्हणजे थोरल्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की आप्पांनी तिला दुकानात आणून तोललं आणि हे नाव ठेवून दिलं. आता ती सतरा वर्षांची, बापापेक्षा दोन बोटं उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला गणित शिकायचं होतं. आप्पांच्या मते तिने संगणक अभियांत्रिकीला जायला हवं होतं. अठराला पाच महिने कमी असल्यामुळे तिला वजन नव्हतं. मात्र निर्णय तिच्याच आयुष्याचा म्हणून तिला निकाल बघायला बसायची परवानगी होती.

रविवारी दुपारी चार वाजता तोलायचं ठरलं.

शनिवारी आत्या शाळेच्या मार्गदर्शन कक्षात बसली होती. कक्ष म्हणजे पूर्वीची खेळाचं सामान ठेवायची खोली. अजून तिथे रबरी चेंडूंचा वास येई. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित: तुमच्या भविष्याचे चार दरवाजे’. खोलीला दरवाजा एकच होता आणि तो लागत नसे. खाली सूचनाफळा. गेल्याच आठवड्यात आत्याने त्यावर एका झुलत्या पुलाचं मोठं चित्र लावलं होतं. जागा नव्हती, म्हणून परिपत्रकांच्या वरच टाचण्या मारल्या होत्या. परिपत्रकं कोण वाचतं.

पुलांचं तिला वेड होतं. अठराव्या वर्षी तिला स्थापत्य अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. कागद हातात होता. मग तो तराजूवर गेला. तेव्हा हयात असलेले काका दोन, आई दोन, थोरला एक आणि तिचं स्वतःचं अर्धा: साडेपाच विरुद्ध पाच. तिघांनीही तिला शब्द दिला होता. आप्पांनी खुंटी काढली आणि आप्पांचं पारडं खाली बसलं. म्हणजे तिघांपैकी एकाने दगा दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दुकानाची किल्ली थोरल्याच्या हातात दिली. त्यानंतर विचार करण्यासारखं काही उरलं नाही. आत्या शिक्षिका झाली, आणि थोरल्याशी ती गेली एकतीस वर्षं थेट बोलली नव्हती. एका घरात, एका टेबलाशी जेवून.

दोन मुलं सल्ला घेऊन गेली आणि त्यांच्या मागे बाकावर बसलेला तिसरा विद्यार्थी उठून पुढे आला. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि तिचा धाकटा भाऊ होता.

“तू? इथे?”

“नंबर लावून आलोय. मध्ये घुसलो नाही.”

“ऑफिसची बॅग घेऊन शनिवारी कुठे निघालास?”

धाकट्याने बॅग मांडीवर घेतली. “आज शनिवार आहे होय? वारांचं जरा गोंधळायला होतं.” मग त्याने लागत नसलेला दरवाजा उगाचच लोटून पाहिला. “तीन आठवडे झाले, ताई. अख्ख्या मजल्याला घरी पाठवलं. आम्ही लिहिलेलंच काहीतरी आता आमचं काम करतं म्हणे. निरोपाला केक होता.”

“अरे, मग रोज सकाळी नवाला जातोस कुठे?”

“वाचनालयात. तिथे माझ्यासारखे अजून सहा जण येतात. दहा वाजता आम्ही उभ्या-उभ्या मीटिंगसुद्धा घेतो. सवय जात नाही.”

आत्याला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. “आप्पांना?”

“वेडी आहेस का? त्यांनी मला कॉम्प्युटरला घातलं. ते पाहुण्यांना माझं उदाहरण देतात. उदाहरणाने असं करायचं नसतं.” त्याने टेबलावरचा कलचाचणीचा कागद ओढला. “ही देऊ का?”

“नववीच्या मुलांची आहे ती.”

“मी नववीत दिली नव्हती.”

त्याने चाळीस प्रश्न सोडवले, पेन्सिलीने, जिभेचं टोक बाहेर काढून. आत्याने गुण मोजले. “प्राण्यांमध्ये विशेष रस. प्राणिशास्त्र, पशुवैद्यक.”

“तेच तर मी म्हणत होतो तेव्हा,” धाकटा म्हणाला. “बेडकांवर काम करायचं होतं मला. तराजूने नाही म्हटलं.” कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली. “उद्या माझे दोन किलो गणिताकडे. पोरीला या फुफाट्यात ढकलू नका.”

“आणि आप्पांनी कारण विचारलं तर?”

“खोळीखाली कारण लागत नाही. तेवढीच एक चांगली गोष्ट आहे त्या तराजूची.”

तो गेल्यावर आत्याने बेरीज केली. दोन, अधिक वहिनीचा एक, अधिक स्वतःचा अर्धा: साडेतीन. पुरत नव्हतं. पोरीला गणित मिळायचं तर थोरल्याचे दोन लागत होते. सगळं घर एका बाजूला आलं तरच आप्पांपेक्षा अर्धा किलो वरचढ होई. तो अर्धा तिचा. म्हणजे यावेळी तिच्याशिवायही भागणार नव्हतं आणि थोरल्याशिवायही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनी भाजी चिरत होती. टेबलाच्या टोकाला पावशेर आप्पांची निर्णयांची जुनी वही चाळत बसली होती. थोरला दुकानातून आला, ग्रीसचे हात धुवायला मोरीशी गेला. आत्या त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली.

“वहिनी, तुमच्या नवऱ्याला विचारा, उद्या त्यांचं वजन कुठे पडणार?”

“अहो, वन्सं विचारतायत...”

“ऐकलं मी. तिला सांग, पोरीच्या बाजूने.”

“वहिनी, त्यांना सांगा, हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय.”

“वन्सं, माझं दूध चढलंय गॅसवर. उतू गेलं तर तुम्हा दोघांना पुसायला लावीन.”

“तिला सांग,” थोरला नळाकडे तोंड करून म्हणाला, “मी तेव्हाही तिच्याच बाजूने टाकलं होतं. दरवर्षी सांगतो.”

“दरवर्षी सांगावं लागतं, यातच काय ते आलं म्हणावं.”

“अगं, मग किल्ली मी मागितली होती का? दिली म्हणून घेतली.” तो पहिल्यांदा वळला, पण बायकोकडे. “हिला सांग, ती किल्ली मलाही नको होती. एकतीस वर्षं लोकांचे काटे पुसतोय.”

वहिनीने सुरी खाली ठेवली. “झालं तुमचं दोघांचं? माझी पोर आहे ती. उद्या जो कोणी दुसरीकडे वजन टाकेल त्याने परवापासून स्वतःचं जेवण स्वतः बघायचं. यात दीर, नवरा, नणंद, सासरा सगळे आले.”

“आई, फॉर्मचं काय आहे ना...” पावशेर म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. तुझ्याच भल्याचं चाललंय.”

“फॉर्मचं रविवारनंतर बघू,” थोरला म्हणाला. “मुदत वाढवतातच. दरवर्षी वाढवतात.”

“मंगळवारपर्यंत आहे,” आत्या म्हणाली, वहिनीला उद्देशून. या विषयात घरात तिचाच शब्द शेवटचा असे. इतर विषयांत पहिलाही नसे.

पावशेरने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. “अकरापैकी अकरा,” ती पुटपुटली.

“काय अकरा?”

“काही नाही.”

रविवारी चारला सगळे दुकानामागच्या खोलीत जमले. छताच्या हुकाला तराजू, खाली पारड्यांवर राखाडी खोळी, भिंतीशी कपाटात भंगारात न दिलेले जुने काटे. बाहेर दुकानात मात्र सगळा नवा माल, लाल आकडे दाखवणारा. त्यातला एकही या घराने बनवलेला नव्हता. आप्पा खुर्चीत बसले, पाच किलोचं वजन पायाशी.

“पूर्वी माणूस काटा घेऊन आपल्याकडे यायचा,” त्यांनी सुरुवात केली. “दांडी घासायची, सुई बसवायची, वजनाच्या बुडात शिसं घालून ते बरोबर करायचं. हातातली विद्या. मग हे इलेक्ट्रॉनिक आलं. बिघडलं की फेकतात. आपल्याला ज्याने खाल्लं, त्याच्या पोटात आता आपलं कोणीतरी शिरलं पाहिजे. एक शिरलाय.” त्यांनी धाकट्याकडे कौतुकाने पाहिलं. धाकटा कपाटाकडे पाहू लागला. “दुसरी शिरू दे. आता बोला. गणित शिकून माणूस काय करतो?”

“पुष्कळ काही करतो, आप्पा,” आत्या म्हणाली. “हवामानाचे अंदाज, विमा, औषधांच्या चाचण्या. माझ्याकडे यादीच आहे.”

“तू गणिताचा असा किती जणांना सल्ला दिलास?”

“तीस-बत्तीस.”

“त्यातले किती औषधांच्या चाचण्या करतात?”

“एक. बाकीचे शिकवतात.”

“काय?”

“गणित.”

“आणि ते शिकणारे पुढे काय करतात?”

आत्याने यादीची घडी घातली. वीस वर्षं ती स्वतःही हे कोडं टाळत आली होती.

“पावशेर, तू सांग. कशाला हवंय गणित?”

“मला आवडतं, आप्पा. एखादी गोष्ट कोणी कितीही मोठ्याने सांगितली तरी ती खरी आहे का, हे आपलं आपल्याला बघता येतं. कोणाला विचारावं लागत नाही.”

“ऐका. कोणाला विचारायला नको. म्हणजे घर कशाला हवं!” आप्पा हसले. “चला, वहिवाटीप्रमाणे. डावीकडे कॉम्प्युटर, उजवीकडे गणित.”

सगळे बाहेर गेले आणि एकेक जण आत जाऊन आला. आत्याने आपला अर्धा किलो उजव्या खोळीखाली सरकवला. तिला तिथली इतर वजनं बोटांनी चाचपून पाहता आली असती, पण नियम होता, आणि या घरात नियम मोडायचा विचार माणसाला नेहमी दार उघडून बाहेर आल्यावर सुचे. शेवटी आप्पा. मग सगळे आत आले आणि आप्पांनी खुंटी काढली.

डावं पारडं खाली बसलं. डुललंसुद्धा नाही.

“कॉम्प्युटर,” आप्पा म्हणाले, आणि वहीसाठी हात पुढे केला.

 मग वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस?”

“कोणाकडे बघू? एकजण फिरला ना!”

“तो बघ की.” थोरल्याने धाकट्याकडे बोट केलं. “त्याला त्याच्या कंपनीचा पुळका.”

“कसली कंपनी?” धाकट्याचा आवाज चिरकला. “कंपनी नाहीये, दादा. तीन आठवड्यांपूर्वी काढलं मला. मी वाचनालयात बसतो. मी कशाला टाकू तिकडे?”

आप्पांचा वहीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून एक पन्नाशी उतरून गेली आणि खाली फक्त एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा उरला. 

“मग तुम्ही, वन्सं?” वहिनी म्हणाली. “तुमच्या दादांवर सूड म्हणून माझ्या पोरीला?”

आत्याला काही ऐकू येत नव्हतं. अठराव्या वर्षी ती इथेच उभी होती. तेव्हाही असंच सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं होतं, आणि तिने एक चेहरा निवडला होता. आजही तिची नजर आपोआप त्याच चेहऱ्याकडे गेली. थोरला तिच्याकडेच पाहत होता. त्याच्या डोळ्यांत चोरी नव्हती. मार खायची सवय झालेल्या माणसाचा कंटाळा होता.

ती पुढे गेली आणि तिने उजवी खोळ उचलली.

“ए!” आप्पा ओरडले. पन्नास वर्षांत हे कोणी केलं नव्हतं.

उजव्या पारड्यात दोन किलो होते. आणखी दोन होते. एक होता. आणि कडेला तिचा अर्धा.

खोलीतली सगळी माणसं वजनांच्या धंद्यातली होती. समजावून सांगावं लागलं नाही. पारड्यात साडेपाच होते आणि ते हवेत लटकत होते.

“दादा,” आत्या म्हणाली, “तो पाच किलोचा उचल.”

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. मग डाव्या खोळीखाली हात घालून वजन काढलं आणि उलटं केलं. बुडाच्या खाचेत शिसं होतं, तसं ते प्रत्येक वजनात असतं, आणि दर दोन वर्षांनी सरकारी निरीक्षक त्यावर शिक्का मारतो. यावर शिक्का नव्हता. घरचं वजन तपासायला कोण नेतं? थोरला बाहेर दुकानात गेला. मागोमाग सगळे. त्याने ते नव्या काट्यावर ठेवलं. लाल आकडे जरा घुटमळले आणि थांबले.

५.६२०.

“घर चालवायला थोडं जास्तीचं वजन लागतं,” आप्पा दारातून म्हणाले. आवाजात खंत नव्हती. एखाद्या अवघड दुरुस्तीबद्दल बोलावं तसे ते बोलत होते. “एवढं आधी नव्हतं. धाकट्याच्या वेळी ऐंशी ग्रॅम वाढवलं.”

“आणि माझ्या वेळी?” आत्याने विचारलं.

“पाच किलो पाचशे चाळीस. चौघंही तुझ्याच बाजूने टाकणार हे मला माहीत होतं. साडेपाचच्या वर चाळीस पुरे होते. उगाच शिसं वाया घालवायचं नाही.”

चाळीस ग्रॅम. वापरून झिजलेली साबणाची वडी असते तेवढं. आत्याने मनातल्या मनात त्याचे पूल करून पाहिले, होईनात. मग तिने एकतीस वर्षांची न झालेली बोलणी मोजायला घेतली, तीही होईनात. थोरला काट्यापाशी उभा होता, हात कुठे ठेवावेत हे न कळून तो काटाच पुसत होता.

“चहा टाकू का?” तिने त्याला विचारलं. थेट.

“टाक.” तो म्हणाला. मग घसा खाकरून आप्पांकडे न पाहता बोलला, “साडेपाच विरुद्ध पाच. पावशेरचं गणित. वहीत मी लिहितो.”

वहिनीने मुलीला जवळ ओढलं. धाकट्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि कोणी साथ देईना म्हणून पुन्हा खिशात घातले.

“बाबा,” पावशेर म्हणाली, “मी फॉर्म गुरुवारी भरला.”

“काय भरलंस?”

“कॉम्प्युटर. पहिली पसंती एकदा बंद झाली की बदलता येत नाही. शुक्रवार शेवटचा होता. तुम्हाला सांगितलं होतं मी, बाबा. तुम्ही म्हणालात, मुदत वाढवतात.”

“पण मंगळवार...” आत्या म्हणाली.

“तो मूळ कागदपत्रांचा, आत्या.”

“अगं, मग गणित भरायचंस!” वहिनी ओरडली.

“वहीत अकराही वेळा आप्पांचंच पारडं बसलंय, आई. माणसं बदलली, वजनं बदलली, तरी अकरापैकी अकरा. असं आपोआप होत नाही. कसं होतं ते मला कळलं नाही, पण होणार हे कळलं.” ती रडत नव्हती. उदाहरण सोडवून दाखवावं तशी बोलत होती. “आणि पालकाची सही लागत होती. बाबा म्हणाले, आधी काटा होऊ दे. म्हणून मी आप्पांकडे गेले. त्यांनी लगेच केली.”

सगळे आप्पांकडे वळले.

“सही गुरुवारी केलीत,” थोरला सावकाश म्हणाला, “मग आज हे सगळं कशाला?”

“पद्धत आहे,” आप्पा म्हणाले.

सोमवारी आत्या पहिल्या तासाच्या आधी मार्गदर्शन कक्षात गेली आणि झुलत्या पुलाच्या चारही टाचण्या काढल्या. खाली परिपत्रक होतं, खालच्या ओळीला लाल शाईने रेघ मारलेलं. पसंतीक्रम भरण्याची अंतिम मुदत: शुक्रवार, सायंकाळी पाच. तिने शिक्षण कार्यालयाला फोन लावला. मुदत या वर्षी वाढवलेली नव्हती.